आधी तुम्ही बसा

"पोरींचे पाय मोडले तर? आधी तुम्ही चालवून दाखवा, मग आमच्या नाती बसतील," सायकलींकडे बोट दाखवत झांबियातल्या एका खेड्यातल्या मुतिंताआजीने ठणकावलं. शाळेच्या बाईंनी ते कुसुमताईंना इंग्रजीत सांगितलं.

मिरजेत घरोघर फिरून, अडगळीत पडलेल्या सायकली मागून आणि दुरुस्त करून कुसुमताईंनी इथवर पाठवल्या होत्या आणि वाटायला स्वतः आल्या होत्या. शाळा लांब असल्यामुळे इथल्या मुली घरी बसत होत्या ना! पण खुद्द कुसुमताईंना सायकल येत नव्हती. "मुलीच्या जातीला शोभत नाही," म्हणत वडिलांनी कधी हँडलला हात लावू दिला नव्हता, आणि पुढे ते राहूनच गेलं.

आता माघार घेतली, तर मुलींची शाळा सुटलीच म्हणायची. त्यांनी साडी वर खोचली आणि "देवा, या वयात लाज राख रे," म्हणत पेडल मारलं. दोन मुली मागून सीट धरून पळू लागल्या.

"सोडू नका गं!" कुसुमताई मराठीतच ओरडल्या. मुलींना काय कळणार? त्यांनी सोडलं. मक्याच्या शेतापर्यंत सायकल झकास गेली. मग शेतातही गेली.

मक्याच्या ताटांमधून कुसुमताई उठल्या त्या हसतच. गुडघा खरचटला होता, पण तोंडाने एकच घोष चालला होता, "आली की मला! आली!"

सारं गाव खो खो हसलं. मुतिंताआजी मात्र गंभीर चेहऱ्याने पुढे आली. तिने सायकल उभी केली, कमरेचं वस्त्र गुडघ्यापर्यंत उचललं आणि धावत आलेल्या नातीला हाताने मागे सारलं.

"थांब," ती म्हणाली. "तुझा नंबर माझ्यानंतर."