वॉल्टर जिथे थांबायचा

थेल्मा गेल्याची बातमी दुपारी एकच्या बातम्यांत आली. पडद्यावर तिचा फोटो आला. फोटोत तिच्या खांद्यावर हात ठेवून लेस्ली फेन उभा होता. “वॉल्टरची एडना गेली,” निवेदिका म्हणाली. सिरिलने टीव्ही बंद केला. थेल्माशी लग्न होऊन त्याला अडतीस वर्षं झाली होती. लेस्ली तिचा मालिकेतला नवरा; तो वॉल्टर, ती एडना.

संध्याकाळपर्यंत लीड्सच्या स्टुडिओच्या फाटकाशी फुलांचा ढीग लागला. चिठ्ठ्या सगळ्या वॉल्टरच्या नावाच्या. दुसऱ्या दिवशी सिरिल कोपऱ्यावर पाव आणायला गेला, तर दुकानातल्या मिसेस क्लेगचे डोळे सुजलेले.

“फार वाईट झालं रे, सिरिल. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सारखं मनात येतं, आता वॉल्टरचं कसं व्हायचं?”

“अंडं उकडता येतं त्याला,” सिरिल म्हणाला आणि पाव घेऊन घरी आला.

दुपारी निर्मात्याचा फोन आला. मालिकेतल्या एडनालाही आता मरण द्यावं लागणार होतं. शुक्रवारी प्रसंग चित्रित करायचा होता. रिकाम्या स्वयंपाकघरात वॉल्टर एकटाच बसून बायकोचा निरोप घेतो. “तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार,” निर्माता म्हणाला. गुरुवारी संध्याकाळी सांगतो म्हणून सिरिलने फोन ठेवला. काय सांगायचं ते त्याचं ठरलेलं होतं. दीड कोटी माणसं लेस्लीला रडताना बघणार, आणि थेल्मा कायमची त्याची होऊन बसणार. तिला पुरायच्या आधीच तिला देऊन टाकायची? नाही.

गुरुवारी तीन वाजता लेस्लीच दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. हातात घडी घातलेला एक कागद.

“कोणी पाठवलं?”

“कोणी नाही. आत येऊ का?”

सिरिल बाजूला झाला. चहा विचारला नाही.

“फुलं पोचली ना तुझी?” तो म्हणाला. “गाडीभर आहेत म्हणे.”

“सिरिल, उद्याचं मला जमत नाहीये.”

“मग नको करूस. मी नाहीच म्हणणार आहे.”

“म्हण. पण आधी एक सांग. घरी तिच्यासमोर माझी वाक्यं तूच वाचायचास ना?”

सिरिलच वाचायचा. लग्न झालं तेव्हा थेल्मा रंगभूमीवर होती. दर सोमवारी नवं नाटक. पाठांतर पक्कं व्हायचं तर कोणीतरी वही धरून समोर बसायला हवं. सिरिल बस चालवायचा. शाळा त्याने चौदाव्या वर्षी सोडलेली. वाचणं म्हणजे त्याला भरल्या गाडीने चढ चढण्यासारखं. एकेका शब्दाखाली बोट ठेवून जायचा, मध्येच अडायचा, दम घ्यायचा, पुढे निघायचा. थेल्माने त्याला कधी घाई केली नाही. पुढे नाटकं सुटली, मालिका आली, आणि सव्वीस वर्षं वॉल्टरचा शब्दन् शब्द तिने आधी याच टेबलाशी ऐकला.

“तर तुला काय त्याचं?” सिरिल म्हणाला.

“पहिल्या वर्षी मी वैतागलो होतो तिच्यावर. माझं वाक्य संपायचं आणि ही गप्प उभी. मी म्हटलं, बाई, झालं माझं, आता बोल की. तर म्हणाली, नाही झालं. सिरिल इथे श्वास घेतो.”

सिरिलने टेबलाकडे पाहिलं.

“भराभर बोललो की चुकायची. शेवटी मीच शिकलो थांबायला. ती जिथे वाट बघायची, तिथे थांबायचो. लोक म्हणायला लागले, वॉल्टर एकेक शब्द काळजातून ओढून काढतो. दोन बक्षिसं मिळाली मला त्याची. मी कोणाला सांगितलं नाही.”

“चोर आहेस लेका.”

“आहेच.” लेस्लीने कागद उलगडून टेबलावर ठेवला. “उद्या समोर ती नाही. कुठे थांबायचं ते कळत नाही मला. एकदा वाचून दाखव. मग नाही म्हण, हवं तर.”

सिरिलने खिडकीतला चष्मा घेतला आणि आपल्या खुर्चीवर बसला. लेस्ली समोरची खुर्ची ओढू लागला.

“तिथे नको. या बाजूला ये.”

लेस्ली त्याच्या शेजारी बसला. सिरिलने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. वॉल्टर एडनाला सांगत होता की तिच्या रोपांना पाणी घातलंय. की मांजर तिला शोधत फिरतंय. सिरिल अडला, की लेस्ली पेन्सिलीने तिथे एक बारीक रेघ मारायचा. पानावर सगळ्या मिळून चौदा ओळी होत्या. तेरावी संपायला पाच वाजले. काही ठिकाणी सिरिलला मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागली. लेस्लीने घाई केली नाही.

चौदाव्या ओळीखाली सिरिलचं बोट थांबलं. लेस्ली पेन्सिल धरून बसून राहिला. बोट हललं नाही.

फोन वाजला. निर्माता होता.

“करा,” सिरिल म्हणाला. “पण उद्या नाही. आमचं वाचून व्हायचंय अजून.”

तो परत येऊन बसला. शेवटच्या ओळीत वॉल्टर निरोप घेतो. ती ओळ वाचायची राहिली आहे.