गिअरची पिशवी

मोटरसायकल कंपनीच्या पत्राला निवृत्तीआबांनी उत्तर दिलेच नव्हते. गिअर चालता चालता आपोआप बदलतात, गाडी परत घेतो आहोत, ती कुठे आहे ते कळवा, एवढेच कंपनीने विचारले होते. पण लिहायला बसले की आबांना स्वतःचे एकही वाक्य धड वाटेना. तेवढ्यात नात लुंबिनी त्याच गाडीवरून दोनदा पडली.

चाकूरचा मेकॅनिक व्यंकट वैतागला. "आबा, कितीदा खोलू? दोष घावत न्हाई. गिअरच काढून देतो, मग कशी पळती बघू!"

गिअरांची जड पिशवी घेऊन आबा एसटीने लातूरच्या शोरूमला गेले. तिथल्या माणसाने पिशवी उघडूनही पाहिली नाही. "आधी कंपनीला लेखी उत्तर धाडा, काका."

संतापलेल्या आबांनी पोस्टात बसून एका दमात लिहिले: गाडीतले गिअर माझ्या हातात आहेत. ती आता कुणालाच चालवता येणार नाही.

पाकीट पेटीत टाकणार, तोच मागे हॉर्न वाजला.

"आबा, बसा की," त्याच गाडीवरून लुंबिनी हसली. "चाकूरहून आले. आज लई भारी चालायलीय."

तिने पायाने गिअर टाकला.

आबांच्या हातातल्या पिशवीत खट्ट झाले, आणि दुसऱ्या हातातले पाकीट पेटीत पडले.