उलटी गल्ली

“हाही हलला,” मावशी म्हणाली. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या इवल्याशा पडद्यात स्टुलाचे चारही पाय लख्ख आले होते. स्टुलावर बसलेली पोर मात्र ओल्या बोटाने पुसून टाकल्यासारखी दिसत होती.

पोर एव्हाना स्टुलावरून पसार झाली होती. सगळे तिला भिंगरी म्हणत आणि ते कमीच होतं. आल्यापासून तिने स्टुडिओतली पांढरी छत्री उघडून मिटून पाहिली होती, कागदी फुलांचे देठ मोजले होते, आणि आता ती भिंतीवरच्या रंगीत पडद्यामागे काहीतरी शोधत होती. गेली कितीतरी वर्षं मावशी या खोलीत रडकी बाळं आणि रुसलेले नवरदेव हसवत आली होती, पण असं ध्यान तिच्या कॅमेऱ्यासमोर आलं नव्हतं.

“एकदा फ्लॅश उडवू दिलास तर चुटकीसरशी काम होईल गं.”

“नको, नको!” भिंगरीची आई घाईने म्हणाली. “डोळ्यांवर उजेड उडाला की हिला फिट येते. ते मोठे दिवेसुद्धा नकोत. पण फोटो आजच हवा, मावशी. उद्या डोक्याचं ऑपरेशन आहे. आज केस काढतील.” तिने आपला मोबाइल पुढे केला. फोटोंना तोटा नव्हता. कुठे वेणीचं टोक, कुठे पळती चप्पल, कुठे नुसताच हात. “चेहरा एकातही नाही हो. उद्या काही झालं तर... एक तरी असू दे माझ्याजवळ.”

 मावशी पुन्हा कामाला लागली. कॅमेरा स्टँडवर घट्ट बसवलेला होताच. स्टूल तिने बाजूच्या दाराजवळ, उजेडात ओढलं. कॅमेऱ्याची नजर इतकी ताणली की फोटोवर वाळू पसरल्यासारखे दाणे दिसायला लागले. एवढं करूनही घोडं अर्ध्या सेकंदावर अडलं. तेवढ्या उजेडात फोटो उमटेपर्यंत अर्धा सेकंद पोरीने थांबायला हवं होतं आणि भिंगरीच्या लेखी अर्धा सेकंद म्हणजे जन्मठेप.

मावशीने खिडकीबाहेर पाहिलं. खोली सावलीत होती, पण गल्लीच्या पलीकडच्या घरांवर ऊन नुसतं रणरणत होतं. काय मनात आलं कोण जाणे, तिने खिडकीचं लाकडी दार लावून घेतलं. मग बाजूचं दारही लावलं. खोलीत मिट्ट काळोख झाला.

“आजी, लाईट गेली?”

“गेली नाही, मी घालवली. गुपचूप स्टुलावर बस आणि कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीकडे बघ.”

खिडकीच्या फळीतली गाठ कधीतरी निखळून पडली होती आणि तिथे वाटाण्याएवढं भोक राहिलं होतं. तेवढ्यातून ऊन आत आलं. आधी भिंत नुसती करडी झाली. मग डोळे सरावले, तशी तिच्यावर गल्ली उमटली. सगळी उलटी. पिवळं घर छपरावर उभं होतं, दोरीवरचे कपडे वर वर फडफडत होते, आणि एक सायकलवाला डोकं खाली, चाकं वर करून भिंतीवरून निवांत निघून गेला.

भिंगरीने श्वास आत घेतला, तो सोडलाच नाही.

मावशी बाजूच्या दारापाशी गेली आणि डोळ्यांवर उजेड येणार नाही अशा बेताने तिने ते बोटाबोटाने उघडलं. उजेड वाढला, तशी भिंतीवरची गल्ली विरून गेली. पोरीची नजर तिथेच राहिली. कोऱ्या भिंतीवर ते सगळं परत येईल म्हणून ती वाट बघत होती. हात मांडीवर, ओठ किंचित उघडे, पापणीसुद्धा हलत नव्हती. मावशी कॅमेऱ्यामागे आली आणि तो चेहरा पाहून क्षणभर बटणच विसरली.

आई भिंगरीच्या मागे उभी होती. तिला चेहरा दिसत नव्हता, फक्त न हलणारी पाठ दिसत होती. 

“मावशी, फिट! फिट यायच्या आधी ही अशीच थिजते!” ती दोन्ही हात पसरून पुढे झेपावली.

मावशीला समोरून दिसत होतं की ही फिट नाही. पण ते सांगायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागला असता. तिने श्वास रोखून अलगद बटण दाबलं.

आईने पोरीला छातीशी ओढलं, गदागदा हलवलं. “बाळा, ए बाळा, माझ्याकडे बघ!”

“श्श!” भिंगरी वैतागून कुजबुजली. “आई, तू घाबरवलंस त्या सायकलवाल्याला.”

आई मटकन खाली बसली. हसावं की रडावं हे तिला कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

मावशीने कॅमेरा तिच्या हातात दिला. पडद्यावर भिंगरी होती, कपाळावरच्या बटेसकट, डाव्या भुवईतल्या बारक्या व्रणासकट. तिच्यामागे आई म्हणून काहीच नव्हतं, नुसता एक फिकट लोट दिसत होता.

“तू हललीस गं,” मावशी ओशाळून म्हणाली. “आणखी एक काढू. दोघीही नीट याल.”

आईचं लक्षच नव्हतं. तिने पडद्यावर बोट ठेवलं, चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. मागे भिंगरीने दार ढकलून पुन्हा काळोख केला, तरी तिने मान वर केली नाही. अंधारात तेवढा तो चेहरा उजळत राहिला.

“सात वर्षांची झाली,” ती म्हणाली. “आज पाहिलं मी हिला.”