दुखरी कूस

ड्रायव्हरनं गडहिंग्लजहून जीप जीव खाऊन हाणली होती, तरी डॉक्टर घाटग्यांच्या दारात पोचेतो मल्लाप्पांचा श्वास थांबलेला होता. टीबीनं पोखरलेल्या डाव्या फुप्फुसातनं रक्त आलं म्हणून महिन्यापूर्वी ते इथंच आठ दिवस होते, आणि बरे होऊन आपल्या पायांनी घरी गेले होते.

गौरव्वाचं लुगडं नवऱ्याच्या रक्तानं चिंब झालं होतं. डॉक्टरांनी नाडी सोडली तरी ती सांगतच होती.

"सकाळी च्या पिताना खोकला उठला आन् भडाभडा रक्तच की वो. पर वाटंत म्या लई जपलं त्यास्नी. डावी बाजू दुखरी, मग तिच्यावर भार कसा पडू द्यायचा? मांडीवर घिऊन हितवर उजव्याच कुशीवर धरलं. कूस बदलू दिली न्हाय."

मग तिनं पिशवीतनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज कार्ड काढलं. "विंग्रजी कुणाला येतंय आमच्यात? पर देवाम्होरं ठेवलंतं. डाग पडू दिला न्हाय."

डॉक्टरांनी कार्ड उघडलं. तळाशी त्यांच्याच घाईच्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं होतं: पुन्हा रक्त आल्यास डाव्याच कुशीवर झोपवावे, म्हणजे रक्त चांगल्या फुप्फुसात उतरणार नाही.



त्यांनी कार्डाची घडी घातली, ती स्वतःच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरोबर केलंत, आक्का."