उजवी कड

शिंप्याने कफनीची घडी उलगडली आणि त्याचा हात थांबला. गुडघे कोरे होते. कोपरं कोरी होती. गळ्याच्या आत त्याने स्वतः मारलेली खडूची खूणही जशीच्या तशी होती.

"ही घातलेलीच नाही," तो मठाच्या खिडकीतल्या तरुण साधूला म्हणाला. "माझ्या मुलाच्या अंगातली द्या."

मठाचा नियम कडक होता. एकदा आत गेलेल्याने घरच्यांना भेटायचं नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. सवलत एवढीच, की बापाने वर्षाला एक कफनी शिवून आणावी आणि मापाला जुनी परत न्यावी. शिंप्याला तेवढं पुरे होतं. गुडघे विरले की पोरगा नेमाने प्रार्थनेला बसतोय, कोपरं झिजली की पोथ्या उतरवतोय, हे त्याला आपलं आपण कळायचं. माणूस थापा मारेल, कापड मारत नाही, असं तो दुकानात आल्यागेल्याला ऐकवायचा. ऐकून ऐकून बायकोचे कान किटले होते.

अलीकडे काही वर्षं मात्र कफनीची पायाशी येणारी उजवी कड फाटून यायची, डावी धड असायची. कडेची तुरपाई बायकोची. "पाय ओढतोय हो तो," ती पहिल्याच वेळी म्हणाली आणि तिच्या जिवाला घोर लागला. तेव्हापासून नव्या कफनीबरोबर तेलाची बाटलीही येऊ लागली. तिला स्वतःला मठापर्यंत येणं जमायचं नाही. जुन्या पुलावर पाऊल टाकलं आणि खालची दरी दिसली की घेरी यायची. गाव बघायला येणारे लोक पुलावर फोटो काढत, आणि ही पुलाच्या अलीकडे बाकावर बसून नवऱ्याची वाट बघत राही. आज निघतानाही तिने बजावलं होतं, "बाकी काही नका बघू. पायाचं तेवढं बघा."

"जुने बुवा कुठे आहेत?" शिंप्याने विचारलं. खिडकीमागे स्टुलावर बसून कफनी देणारे-घेणारे म्हातारे बुवा त्याच्या ओळखीचे होते. "त्यांना बोलवा. त्यांना सगळं माहीत आहे."

"ते गेले. मागच्या वर्षी तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर लगेचच. ही त्यांच्याच खोलीत मिळाली."

"त्यांच्या खोलीत कशी?"

साधूने आवाज खाली आणला. "त्यांनी तुम्हाला सांगितलंच नाही का? तुमचा मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली. थंडी छातीत बसली होती. बुवा म्हणाले, आईवडिलांना मी सांगतो. दर वर्षी म्हणायचे, यंदा सांगतो."

"मग कफन्या?"

"तेच घालायचे, बाह्या दुमडून. आम्ही चेष्टा करायचो. तर म्हणायचे, न वापरलेली परत कशी देऊ, बाप शिंपी आहे." त्याने तेलाची बाटली हातात घेतली. "याचा फार गुण यायचा त्यांना. एक पाय अधू होता ना."

शिंप्याने बुवांना कधी उभं पाहिलंच नव्हतं. म्हणजे ज्या वर्षी उजवी कड पहिल्यांदा फाटून आली, त्याच वर्षी पोरगा गेला होता. आणि आपण घरी बसून पायाला कुठलं तेल चांगलं यावर वाद घालत होतो.

"ही यंदाची नवी परत नेताय?" साधूने विचारलं.

"नको. तुम्ही घाला," शिंपी म्हणाला. "वर्षभर घाला."

बायकोला सांगून टाकायचं, असं ठरवूनच तो पुलावर आला. सांगायला हवंच होतं. पण पुलाच्या मध्यावर आल्यावर ती दिसली. बाकावरून उठून, कपाळाशी हात धरून ती त्याच्याकडेच बघत होती. त्याला बुवांचा राग येत होता, तो तिथेच गळाला.

समोरून पाहुण्यांचा एक घोळका आला. त्यांचा गाईड सांगत होता, की हा कठडा शेकडो वर्षांच्या हातांनी असा गुळगुळीत झालाय. घोळका पुलभर पसरला आणि त्याच्याआड बायको दिसेनाशी झाली. शिंप्याने परत मिळालेली कोरी कफनी उलगडून तिचे गुडघे कठड्यावर घासून पाहिले. जुन्या दगडावर कापड नुसतंच सरकत होतं. पुढे डागडुजीत नवा बसवलेला एक खरबरीत दगड सापडला. त्यावर त्याने गुडघे घासले, सूत दिसेपर्यंत. मग कोपरं घासली. खडूची खूण थुंकी लावून पुसली. लोक बघत होते. जन्मात पहिल्यांदा तो कापडाला थाप मारायला शिकवत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. घोळका पुढे सरकला तेव्हा त्याने तोंड पुसलं आणि कफनीची घडी केली.

बायकोने ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली. गुडघे चाचपले, कोपरं चाचपली, मान हलवली. मग बाकावर बसून तिने कड हातात घेतली. आपली तुरपाई ती टाक्याटाक्याने बोटांखालून सरकवत गेली, डावीकडून उजवीकडे, पार शेवटपर्यंत. शिंपी जागच्या जागी गार पडला. कड त्याच्या लक्षातच आली नव्हती. कड कधीच त्याच्या कामातली नव्हती.

तिने मान वर केली. कित्येक वर्षांत त्याने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"एक टाका उसवलेला नाही," ती म्हणाली. "अहो, पाय बरा झाला त्याचा."