म्हैस

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उभी हयात घालवलेल्या बाबांच्या हॉलमध्ये मुलाने भलामोठा टीव्ही आणून टांगला. बंद असला की ते काळं धूड पांढऱ्या भिंतीवर नुसतं डोळ्यांत खुपायचं.

"मी रंगवतो ही भिंत," बाबा म्हणाले. "टीव्ही शोधावा लागेल, असा मिसळून टाकतो."

"रंगवा हवी तशी," मुलगा हसला. "पण बाबा, हल्ली लोक टीव्ही बघतात. रंगवलेल्या भिंती कोण बघतंय?"

मुलगा कामासाठी चार दिवस बाहेरगावी गेला, तसे बाबांनी माळ्यावरचे ब्रश खाली काढले.

रविवारी तो मॅच बघायला मित्रांना घेऊनच परतला, आणि सगळे दारातच थबकले. भिंतीवर एक धष्टपुष्ट म्हैस रवंथ करत उभी होती. शिंगं, पाय, शेपूट बाबांच्या हातचं; मधलं काळंभोर पोट म्हणजे टीव्ही. एकाने तर पोटाला हात लावून पाहिला, तेव्हा कुठे ती काच असल्याचं त्याला कळलं.

"चला, मॅच सुरू झाली असेल," म्हणत मुलाने रिमोट दाबला. पोटाच्या जागी हिरवंगार मैदान उजळलं. म्हशीचं नुसतं डोकं आणि चार पाय उरले.

"अरे, बंद कर! म्हैस गेली ना!" मित्र एका सुरात ओरडले.

कोपऱ्यात बाबा ब्रश पुसत बसले होते.

"असू दे की चालू," मान वर न करता ते म्हणाले. "हल्ली लोक टीव्हीच बघतात."