नुकसानीचा रकाना

"बॉम्बे ग्रुप आहे, मॅडम. अगदी दुर्मीळ रक्त, साधं ओ चालत नाही तिला," काउंटरवरचे रमाकांतकाका म्हणाले आणि त्यांनी आपली खुर्ची रिकामी करून दिली.

मनाली धापा टाकतच बसली. पेढीचे संगणक सांभाळणाऱ्या चिंचपोकळीच्या ऑफिसातून परळच्या या रक्तपेढीपर्यंत ती जवळजवळ धावत आली होती. काउंटरपलीकडे अमित खैरे उभा होता. त्याची बायको प्रिती सकाळी बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. पेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. ते रक्त देणारी जी नऊ माणसं होती, त्यांची नावं संगणकातल्या यादीत, आणि यादी दीड तासापासून उघडत नव्हती. बरं, ती दुसरीकडून उघडावी म्हटलं तर परवानगी फक्त या एका संगणकाला.

"माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं, म्हणजे चालू दिसतंय, काका. रिस्टार्ट करा," असं मनालीनं फोनवर तीनदा सांगितलं होतं. काकांनी बिचाऱ्यांनी चारदा केलं.

यादी तीन सर्व्हरांवर वाटलेली होती. एक इथेच परळला. दोन परवाच्या रविवारी घोडपदेवहून लोअर परळच्या नव्या जागेत हलवलेले. इथला सर्व्हर लगेच भेटत होता, बाकी दोघांची नावंही सांगत होता, आणि तिथून पुढे घोडं अडत होतं. मनालीनं त्या दोघांना नावानं हाक मारून पाहिली. काही नाही. मग त्यांच्या नव्या जागेच्या नंबरानं हाक मारली, तर दोघंही ताबडतोब ओ देत होते.

तिच्या पाठीमागे काकांनी रक्तदात्यांच्या नंबरांची आपली जुनी डायरी काढली होती आणि ते फोन लावत सुटले होते.

"हॅलो, गौतमराव आहेत का?... कधी?... नवा नंबर आहे का हो त्यांचा?... बरं, बरं." त्यांनी फोन ठेवला. "चाळ पाडली तेव्हाच गेले म्हणे विरारला. डायरीत आपला अजून घोडपदेवचाच पत्ता."

अमितच्या हातातली डॉक्टरांची चिठ्ठी घामानं मऊ पडली होती.

मनालीची बोटं थांबली. नावावरून पत्ता सांगायला एक वेगळा सर्व्हर होता. तिथले पत्ते तिनं रविवारी स्वतः बदलून घेतले होते, आणि पेढीतले सगळे संगणक त्यालाच विचारत होते. मग हा एकटाच शहाणा कुणाला विचारतोय? प्रत्येक संगणकाच्या पोटात नावं-पत्ते लिहायची एक छोटी फाईल असते. तिथे नाव सापडलं की तो बाहेर कुणाला विचारायला जातच नाही.

तिनं ती फाईल उघडली. दोन ओळी होत्या, दोन्ही सर्व्हरांचे घोडपदेवचे पत्ते. खाली एक टीप होती: तात्पुरतं. सोमवारी काढणे. मनाली.

तारीख चार वर्षांपूर्वीची. तेव्हा पत्ते सांगणारा सर्व्हर दिवसभर बंद पडला होता आणि तिनं हे पत्ते हातानं लिहून काउंटर चालू करून दिलं होतं. काय कौतुक झालं होतं तिचं! पेढे वाटले होते काकांनी. तो सोमवार काही कधी उजाडला नाही, आणि या गटाची यादी रोज उघडतंय कोण, म्हणून रविवारनंतरही कुणाला पत्ता लागला नाही.

तिनं दोन्ही ओळी पुसल्या. यादी उघडली. तिसरं नाव ध्रुव नावाच्या मुलाचं होतं, लोअर परळच्या एका ऑफिसात कामाला. काकांनी फोन केला. "निघालोच," तो म्हणाला आणि पंधरा मिनिटांत दारात हजर झाला.

तपासण्या होऊन पिशवी थंड डब्यात भरली गेली तेव्हा अमित पहिल्यांदा मनालीशी बोलला.

"ह्याचं नाव आधीपासून होतं यादीत?"

"होतं."

"मग?"

नेटवर्कचा प्रॉब्लेम होता, असं म्हणता आलं असतं. रोज म्हणतोच आपण.

"माझी चूक झाली," मनाली म्हणाली. "जुना पत्ता काढायचा राहिला माझ्याकडून."

अमितनं तिच्याकडे पाहिलं. डबा छातीशी धरून तो निघून गेला.

पाच वाजता हॉस्पिटलातून फोन आला. काका उभ्यानंच ऐकत राहिले.

"वाचली," ते म्हणाले. "मुलगी पण बरी आहे." मग सावकाश खाली बसले. "गर्भपिशवी काढावी लागली गं तिची. रक्त येईपर्यंत थांबता आलं नाही डॉक्टरांना. सव्वीस वर्षांची पोर, बाय माझे." आज पहिल्यांदाच ते मनालीला मॅडम म्हणाले नव्हते.

तेवढ्यात मनालीच्या ऑफिसातून हितेंद्रसरांचा फोन. त्यांना बिघाडाचा अहवाल लगेच हवा होता.

"किती वेळ बंद होतं?"

"दोन तास दहा मिनिटं, सर."

"डेटा कुठला गेला नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर! नुकसानीच्या रकान्यात निरंक टाक आणि दे पाठवून."

"हो सर."

तिनं फोन ठेवला. अहवाल भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, चार वर्षांपूर्वीची तारीख लिहिली. शेवटच्या रकान्यात निरंक लिहिलं आणि त्या शब्दाकडे बघत बसली. मग तो पुसला आणि तिथे लिहिलं: प्रिती अमित खैरे, वय सव्वीस.